एमओव्ही परत परत का जळतो: पंपाच्या पेटीतल्या निळ्या टिकलीचं दुखणं

आखाजी (अक्षय तृतीया) झाली की माझ्या टेबलावर ऑटो स्टार्टरच्या, म्हणजे लाईट आली की पंप आपोआप सुरू करणाऱ्या पेट्या यायला लागतात, आणि मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत त्या थांबत नाहीत. बहुतेक पेट्या चोपडा तालुक्यातल्या, तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यातल्या. झाकण उघडलं की आत तेच चित्र: इनपुटच्या कनेक्टरजवळची निळी टिकली फाटलेली, आजूबाजूला काजळी, बोर्डावर तपकिरी डाग, आणि जळक्या इपॉक्सीचा वास. टिकली बदलायला दहा मिनिटं लागतात, पैसेही फार लागत नाहीत. पण पंधरा दिवसांनी तीच पेटी परत दारात असते आणि मालक म्हणतो, "भाऊ, परत जळी गयं."

हे लिहितोय ते त्या "परत"साठी. टिकली कशी बदलायची ते सगळ्यांना येतं. ती पुन्हा का जाते, हे कळायला मात्र तिच्या आत काय आहे ते बघावं लागतं.

ही निळी टिकली म्हणजे एमओव्ही, मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर. जुने मेकॅनिक व्हीडीआर म्हणतात. काम एकच: लाईनवर क्षणभर मोठा व्होल्टेज आला, म्हणजे वीज चमकली किंवा शेजारची मोठी मोटर बंद झाली, तर तो झटका स्वतःवर घ्यायचा आणि मागच्या बोर्डाला वाचवायचं. "क्षणभर" हा शब्द महत्त्वाचा आहे. झटका म्हणजे मायक्रोसेकंदांचा मामला. एमओव्ही त्यासाठीच बनलेला आहे. दोन मिनिटं चढून राहिलेला व्होल्टेज त्याच्या आवाक्याबाहेर आहे, आणि माझ्याकडे आलेल्या पेट्यांमध्ये निम्म्याहून जास्त टिकल्या त्यानेच मेलेल्या असतात. वीज पडली म्हणून जळालं, असं सगळे सांगतात. त्या रात्री ढगही नव्हते असं दोन प्रश्न विचारल्यावर कळतं.

आबांची पेटी

एका आबांच्या विहिरीवरची पेटी मी एका उन्हाळ्यात तीनदा दुरुस्त केली. बोर्डावर होती तीच टिकली, १४डी ४७१के, तशीच नवी आणून लावली. पहिली अकरा दिवस चालली. दुसरी पाच दिवस. तिसरी लावली त्याच रात्री गेली. तिसऱ्या वेळी मी पेटी घेऊन न जाता मीटर घेऊन गेलो. शेतीच्या फीडरला (वीजवाहिनीला) त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. साडेअकराला लाईट आली. विहिरीवर एक एलईडी बल्ब होता, तो एकदम पांढराफटक लागला. आबा सहज म्हणाले, "हे बल्ब बी टिकत नाहीत भाऊ, महिन्यात दोन जातात." तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडला. ही गोष्ट त्यांनी आधी सांगितली नव्हती, कारण बल्बचा आणि पेटीचा काही संबंध असेल असं कुणाला वाटेल? मीही विचारलं नव्हतं, आणि ते विचारायला हवं होतं.

फेज टू फेज व्होल्टेज घेतले, तिन्ही ४१५ च्या आसपास. एकदम ठीक. मग प्रत्येक फेज न्यूट्रलबरोबर मोजला: ११५, ३१७, ३२७. असे तीन आकडे दिसले तर पुढे काही शोधू नका, न्यूट्रल सुटलेला आहे. डीपीकडून, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरकडून येणारा न्यूट्रल कुठेतरी तुटला किंवा सैल झाला की तिन्ही फेजवरचा सिंगल फेज लोड आपापसांत व्होल्टेज वाटून घेतो. जिथे लोड जास्त तिथे व्होल्टेज पडतो, जिथे कमी तिथे चढतो. थ्री फेज मोटरला याचा पत्ताही लागत नाही, ती आरामात पाणी ओढत राहते. मरतात ते न्यूट्रलवर चालणारे बल्ब आणि आपला बोर्ड.

आता हिशेब करा. ३२७ व्होल्ट एसी म्हणजे लाटेचं शिखर १.४१४ पट, ४६२ व्होल्ट. १४डी ४७१के मधला ४७१ म्हणजे ४७ वर एक शून्य, ४७० व्होल्ट. के म्हणजे दहा टक्के इकडेतिकडे, म्हणून दुकानातली कुठलीही टिकली ४२३ ते ५१७ च्या मध्ये कुठेही असू शकते. ती ४२३ ते ४६० मधली निघाली, तर सेकंदाला शंभर वेळा, प्रत्येक शिखरावर, ती थोडी थोडी उघडते, म्हणजे आपल्यातून करंट जाऊ देते. उघडली की तापते. ५०० च्या वरची निघाली तर काही दिवस तग धरते. माझी पहिली अकरा दिवस आणि तिसरी एक रात्र चालली त्यामागे एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावलं. डीपीवर न्यूट्रलचा लग (वायरीच्या टोकाला बसवलेली धातूची पट्टी) काळा पडून सैल झाला होता. त्याने तो कापून नवा बसवला. हे काम वायरमनचंच आहे. डीपीवर स्वतः चढू नका, कुणाला चढू देऊ नका.

टिकलीच्या आत

एमओव्ही हा सिरॅमिकचा तुकडा आहे. साधारण ९५ टक्क्यांहून जास्त झिंक ऑक्साइड, म्हणजे जखमेवरच्या मलमात असते तीच पांढरी पूड, आणि बाकी चिमूटभर बिस्मथ, कोबाल्ट, मँगनीज, अँटिमनी, क्रोमियम यांची ऑक्साइडं. भट्टीत १,१०० ते १,३०० अंशांपर्यंत भाजायचं, दोन्ही बाजूंना चांदीचा लेप, वायरी आणि वरून इपॉक्सी. जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे शोधलं, त्यांचा शोधनिबंध १९७१ मध्ये आला. सबस्टेशनवर जे लाईटनिंग अरेस्टर उभे असतात त्यांच्या आतही आज याच मातीच्या जाड चकत्या असतात.

जळगावला एमएस्सी करताना आम्ही या गोळ्या हाताने केल्या होत्या. शुद्ध झिंक ऑक्साइडची गोळी भाजून तिला व्होल्टेज दिला तर ती साध्या रेझिस्टरसारखी वागते: व्होल्टेज दुप्पट, करंट दुप्पट. त्याच पुडीत अर्धा टक्का बिस्मथ ऑक्साइड आणि तेवढंच कोबाल्ट, मँगनीज घालून अगेटच्या खलात तासभर घोटलं, दाबलं, भाजलं. भट्टीतून गोळी हिरवट काळी निघाली. तो हिरवा रंग कोबाल्टचा, झिंक ऑक्साइडमध्ये कोबाल्ट शिरला की येतोच. आणि तिचं वागणंच पालटलं. व्होल्टेज वाढवत गेलो तर मीटरचा काटा जागचा हलेना. एका ठरावीक जागी आल्यावर मात्र थोड्याशा वाढीने करंट धो धो सुटला. पांढरी पूड तीच, भट्टी तीच. मला आजही तो काटा आठवतो.

हे का होतं? झिंक ऑक्साइडचा स्फटिक अगदी निर्दोष असता तर त्यातून वीज जवळपास गेलीच नसती. पण भट्टीत त्यातला थोडा ऑक्सिजन निघून जातो आणि जस्त जास्त होतं. ते जास्तीचं जस्त स्फटिकाच्या फटींमध्ये जाऊन बसतं आणि आपले इलेक्ट्रॉन मोकळे सोडतं. बारावीला स्फटिकदोष शिकवताना हेच उदाहरण देतात. म्हणजे इथे "दोष" हा शब्द वाईट अर्थाने घेऊ नका, या दोषामुळेच कण वाहक होतो. त्यात दशलक्षात काही भाग ॲल्युमिनियम मिसळलं तर तो आणखी चांगला वाहक होतो, कारण जस्ताच्या जागेवर बसलेलं ॲल्युमिनियम एक इलेक्ट्रॉन जास्तीचा देतं. मोठ्या झटक्याच्या वेळी हे उपयोगी पडतं. प्रमाण थोडं जरी जास्त झालं तरी टिकली नेहमीच्या व्होल्टेजलाच गळायला, म्हणजे थोडा थोडा करंट सोडायला लागते. दशलक्षातल्या काही भागांनी चांगला माल आणि रद्दी माल ठरतो. म्हणून नाव नसलेली स्वस्त टिकली घ्यायला मी कचरतो.

आता बिस्मथ. बिस्मथचा आयन आकाराने मोठा, जस्ताच्या जागेत मावत नाही. साधारण ८२० अंशांच्या आसपास बिस्मथ ऑक्साइड वितळतं आणि कणांच्या मधल्या फटींतून पसरतं. थंड झाल्यावर ते तिथेच, कणाकणाच्या सीमेवर राहतं आणि तिथे ऑक्सिजन धरून ठेवतं. या सीमेवर इलेक्ट्रॉन अडकतात, सीमा ऋण होते आणि दोन्ही बाजूंच्या इलेक्ट्रॉनांना मागे रेटते. आपल्या भाषेत सांगायचं तर कण म्हणजे पाण्याने भरलेलं वावर आणि कणसीमा म्हणजे दोन वावरांमधला बांध. वावरात पाणी मोकळं फिरतं, बांध त्याला अडवतो. हा एक बांध साधारण ३ व्होल्टपर्यंत तग धरतो. त्यापुढे इलेक्ट्रॉन त्याला न जुमानता पलीकडे जातात. दाब कमी झाला की बांध पुन्हा जसाच्या तसा उभा.

यातून टिकलीचं मोजमाप आपोआप कळतं. कण १०-१५ मायक्रॉनचे असतात. ४७० व्होल्टला साधारण दीडशे बांध एकामागे एक लागतात, म्हणजे चकती दोन मिलिमीटरच्या आतबाहेर जाड. व्होल्टेज ठरतो जाडीवर, झटक्याचा करंट ठरतो चकतीच्या पसरटपणावर. १४डी म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाची, २०डी म्हणजे २० ची. १० मिलिमीटरची टिकली १४ च्या जागी लावून देणारे आहेत. आकडा ४७१ च असतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला कळत नाही, पण वादळात ती टिकत नाही.

ती म्हातारी का होते

फटींमध्ये बसलेलं जास्तीचं जस्त आठवा, ज्याच्यामुळे कण वाहक झाला. ते जस्त फटीत बसलेलं आहे, घट्ट खिळलेलं नाही. टिकली सतत व्होल्टेजखाली आणि गरम राहिली की हे जस्ताचे धन आयन हळूहळू बांधाकडे सरकतात. बांध ऋण आहे, हे धन. तिथे पोचून ते त्याचा भार फेडून टाकतात. बांधाची उंची कमी होते. उंची कमी झाली की नेहमीच्या २३० व्होल्टलाही थोडं जास्त गळतं, गळालं की टिकली तापते, तापली की आयन आणखी जोरात सरकतात. हे चक्र एकदा सुरू झालं की टिकली स्वतःच स्वतःला भाजते. शेवटी एखाद्या जागी सगळा करंट एकवटतो, तिथलं सिरॅमिक वितळतं, भोक पडतं आणि शॉर्ट होतो. गुप्ता आणि कार्लसन यांनी १९८५ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण मुळात हेच आहे.

तापलेल्या हवेत, ६००-७०० अंशांना पुन्हा भाजलं तर बांध बऱ्यापैकी सावरतात, हे खरं आहे. कारखान्यात चकती केल्यावर असा शेक देतातही. पण वायरी आणि इपॉक्सी लागलेली टिकली आपण भाजू शकत नाही. जुनी टिकली "सुकवून" परत लावायचा उद्योग कुणी करू नये.

खानदेशचा उन्हाळा इथे कुठे येतो? चांगल्या कंपनीची टिकली ८५ अंशांपर्यंतच्या हवेत पूर्ण ताकदीने काम करते असं तिच्या माहितीपत्रकात असतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो. त्या उन्हात दुपारी दोनला पश्चिमेकडे तोंड असलेल्या एका लोखंडी पेटीत मी तापमान मोजलं तर ६३ भरलं. म्हणजे नव्या टिकलीला नुसत्या उन्हाने काही होत नाही. पण जिचे बांध आधीच खचलेत तिला हेच ६३ अंश पुरतात. म्हणून पेटी उत्तरेला तोंड करून, वर पत्र्याची टोपी घालून लावा. यात खर्च काहीच नाही.

मेलेली टिकली वाचायला शिका

काढलेली टिकली लगेच फेकू नका, ती मेली कशी हे तिच्याच अंगावर लिहिलेलं असतं. एका जागी लहान जळकं भोक, भोवती इपॉक्सी तपकिरी होऊन फुगलेला, बोर्डाला खालून डाग: ही हळूहळू भाजलेली आहे. चढून राहिलेला व्होल्टेज किंवा म्हातारपण. न्यूट्रल तपासा. उलट चकतीचे दोन-तीन तुकडे, कडा धारदार, भाजल्याच्या खुणा कमी: ही मोठ्या झटक्याने तडकली आहे. अर्थिंग आणि वादळाकडे बघा. तुकड्याची आतली बाजू काचेसारखी न दिसता बारीक दाणेदार, काळसर दिसते. भिंगाखाली धरली तर त्यातले काही दाणे चमकतात.

अर्थिंगचं दोन शब्दांत सांगतो. तापीकाठची काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते. अर्थच्या सळईभोवतीची माती कोरडी होऊन सुटते आणि झटक्याला जमिनीत जायला वाटच राहत नाही. मृगाआधीची वादळं नेमकी याच दिवसांत येतात. ठिबकची एक नळी अर्थच्या खड्ड्यावर सोडून द्या.

मल्टिमीटर इथे फसवतो

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मल्टिमीटर ओहमवर लावून टिकली तपासली, ओपन दाखवली, म्हणून "चांगली आहे" असं ठरवलं. मल्टिमीटर तिला एक-दोन-फार तर नऊ व्होल्ट देतो. दीडशे बांधांवर नऊ व्होल्टने काय कळणार? निम्मे बांध खचलेली टिकलीही त्याला ओपनच दिसते. मल्टिमीटर फक्त पूर्ण शॉर्ट झालेली टिकली ओळखतो, आणि ती तर डोळ्यालाही दिसते.

खरी चाचणी म्हणजे १ मिलिअँपिअर करंटला किती व्होल्ट लागतात ते मोजणं. टिकलीवर लिहिलेला आकडा याच चाचणीचा असतो. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, पुरतो. लाईन बंद करून टिकली बोर्डातून पूर्ण काढा. मल्टिमीटर डीसी १,००० व्होल्टच्या रेंजवर टिकलीच्या दोन पायांना जोडा, त्याच पायांना मेगर १,००० व्होल्टवर जोडा, आणि मग मेगर चालवा. बहुतेक मेगर एक-दोन मिलिअँपिअरच्या वर देऊच शकत नाहीत, त्यामुळे टिकली त्याचा व्होल्टेज स्वतःच्या आकड्यावर धरून ठेवते आणि मल्टिमीटरवर तो दिसतो. करंट नेमका १ मिलिअँपिअर नाही म्हणून घाबरू नका. या टिकलीचा गुणच असा की करंट दुप्पट झाला तरी व्होल्टेज दोन-तीन टक्क्यांनीच हलतो.

दोन गोष्टी सांभाळा. टिकली जोडल्याशिवाय मेगर चालवू नका, नाहीतर पूर्ण १,००० व्होल्ट मल्टिमीटरवर जातील. आणि चाचणी चालू असताना पायांना हात नको. ८२१ पर्यंतच्या टिकल्या अशा मोजता येतात, १०२ आणि त्याच्या पुढच्यांना हा मेगर पुरत नाही.

४७१के ला ४२३ च्या खाली आकडा आला तर फेका. पण त्याहून चांगली पद्धत अशी की नवी टिकली लावण्याआधीच मोजायची आणि तिचा स्वतःचा आकडा लिहून ठेवायचा. समजा ४८६ आली. पुढच्या वर्षी ती ४३७ च्या खाली गेली, म्हणजे दहा टक्के उतरली, तर छापील मर्यादेत असूनही तिची वेळ भरली. मग पाय उलटे करून पुन्हा मोजा. नवी टिकली दोन्ही बाजूंनी जवळपास सारखं दाखवते. विजेचे झटके खाल्लेली बऱ्याचदा एका बाजूने जास्त खचलेली असते, कारण झटका ज्या दिशेने गेला त्यानुसार बांधाची एक बाजू जास्त मोडते. एकच दिशा मोजणाऱ्याला हे कळत नाही.

ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांनी गळती मोजावी. टिकलीला १० किलोओहमचा रेझिस्टर सीरिजमध्ये लावून ३०० व्होल्ट डीसी द्या आणि रेझिस्टरवरचा व्होल्टेज मोजा: १० मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर. एसीवर हे करू नका, टिकली कपॅसिटरसारखीही वागते आणि तो करंट गळतीत मिसळतो. नंतर तिला ड्रायरने गरम करून आकडा पुन्हा घ्या. चांगलीचा थोडा वाढतो. खचलेलीचा चढत जातो आणि थांबत नाही.

कुठली लावायची

२३० व्होल्टच्या जागी ४३१ म्हणजे २७५ व्होल्ट एसी, किंवा ४७१ म्हणजे ३०० व्होल्ट एसी, असं पुस्तकात असतं आणि शहरात ते बरोबर आहे. शेतीच्या फीडरवर मी आता फेज-न्यूट्रलमध्ये या दोन्ही लावत नाही. न्यूट्रल पूर्ण गेला तर तिथे ४१५ पर्यंत जाऊ शकतं. बोर्डाला जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मर असेल तर ८२१के, म्हणजे ५१० व्होल्ट एसीची लावतो. ती न्यूट्रल गेला तरी जगते. पण फुकट काही मिळत नाही: ५० अँपिअरच्या झटक्याला १४ मिलिमीटरची ४७१ साधारण ७७५ व्होल्टवर धरते, ८२१ मात्र १,३५५ वर. मागे एसएमपीएस (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंगवर चालणारा पॉवर सप्लाय) असेल तर एवढे व्होल्ट त्याला सोसत नाहीत. तिथे ६२१के, ३८५ व्होल्ट एसीची, आणि सोबत जास्त व्होल्टेजला लाईन तोडणारा रिले. रिलेशिवाय ६२१ लावू नका, तीही भाजेल, फक्त थोडी उशिरा. फेज टू फेज तर ४७१ कधीच लावू नका. ४१५ चं शिखर ५८७ आहे, टाकल्या टाकल्या उडेल.

दोन टिकल्या समांतर लावल्या म्हणजे ताकद दुप्पट झाली, असं समजून काम करणारे चांगले चांगले मेकॅनिक मी पाहिले आहेत. होत नाही. दोघींच्या आकड्यात पाच टक्क्यांचा फरक असला तरी कमी आकड्याचीतून कितीतरी पट जास्त करंट जातो. ती एकटी मरते आणि मग दुसरीवर पाळी येते. मोठीच लावा, २०डी.

आणि फ्यूज. एमओव्ही नेहमी फ्यूजच्या मागे हवा, म्हणजे तो शॉर्ट झाला की फ्यूज उडेल. आलेल्या पेट्यांमध्ये किती ठिकाणी फ्यूजच्या जागी तांब्याची तार असते, ते बघून खरंच वाईट वाटतं. अशा पेटीतली टिकली मेल्यावर थांबत नाही, ती पेटते. केळीच्या वाळलेल्या पानांपासून हातभर अंतरावर लोखंडी पेटी आणि आत पेटलेली टिकली. तार असेल तर मी आधी फ्यूज बसवतो, नाही म्हणणाऱ्याची पेटी घेत नाही.

सारख्या दिसणाऱ्या टिकल्या

नव्या मुलांची गफलत इथे होते. बोर्डावर एमओव्हीसारख्याच गोल चकत्या आणखी असतात आणि रंगावरून त्या ओळखता येत नाहीत. त्यातल्या एनटीसी आणि पीटीसी याही डोपिंग केलेल्या, म्हणजे चिमूटभर दुसरं काही मिसळलेल्या सिरॅमिकच्याच, पण स्वभाव वेगळे. एनटीसी मँगनीज-निकेलच्या ऑक्साइडांची, गरम झाली की रोध कमी होतो. लाईन सुरू होतानाचा पहिला दणका ती सोसते. ती थंडीत काही ओहम दाखवते आणि तिच्यावर ५डी-९ किंवा १०डी-११ असं लिहिलेलं असतं. त्यातला "डी" बघून तिलाच एमओव्ही समजतात. पीटीसी बेरियम टायटनेटची, त्यात चिमूटभर लँथेनमसारखं काहीतरी. साध्या तापमानाला वाहक, आणि साधारण १२० अंशांच्या पुढे एकदम तिचा रोध हजारो पटींनी उसळतो. तिथेही कणांच्या सीमाच काम करतात. मोटरच्या वाइंडिंगमध्ये तापमानासाठी घातलेले थर्मिस्टर या जातीचे. चौथी चकती साधा सिरॅमिक कपॅसिटर, तो ओपन दिसतो, पण त्यावर १०३ किंवा २२२ असं असतं आणि पुढे के आला तरी मागे "१४डी" नसतो. एमओव्हीच्या जागी चुकून एनटीसी लावली तर फेज-न्यूट्रलमध्ये सरळ पाच ओहमचा शॉर्ट. बोर्डावर त्या जागेशेजारी आरव्ही, एमओव्ही किंवा व्हीडीआर छापलेलं आहे का ते बघूनच लावा.

आबांच्या पेटीत आता २०डी ८२१के आहे, पुढे फ्यूज, आणि न्यूट्रलवर नजर ठेवणारा व्होल्टेज रिले २७० ला तोडतो. लावायच्या आधी मेगरवर ती एका बाजूने ८३४ आणि दुसऱ्या बाजूने ८३१ आली होती. दोन्ही आकडे आणि तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहिली आहे. मागच्या दिवाळीत उघडून मोजली तेव्हा ८२९ आणि ८२७ भरली. बल्ब अजून तोच आहे.